गेम बॉयच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये बदल: कोणती साधने, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकते

गेम मॉड करायचा, म्हणजे त्यात स्वतः बदल करायचे, म्हटले की बहुतेकजण आधी तयार लेव्हल एडिटर शोधतात. तो मोजक्याच गेमसाठी सापडतो, आणि सापडला तरी त्याच्या लेखकाने ठरवून दिले तेवढेच बदलता येते. खरे काम डीबगर करतो, म्हणजे चालू गेम हवा तिथे थांबवून आतला कोड दाखवणारे साधन. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट रॉममधल्या (कार्ट्रिजवर साठवलेल्या गेममधल्या) कुठल्या तरी बाइटमधून आलेली असते. तो बाइट कुठून आला हे शोधता आले की कुठलाही गेम तुमच्या हाती येतो. या लेखात मूळ करड्या गेम बॉयचे (निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राचे) प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचे गेम, धरले आहेत. हे गेम छोटे असतात. १९८९ चा सुपर मारिओ लँड अवघा ६४ केबीचा आहे, १९९२ चा त्याचा दुसरा भाग ५१२ केबीचा. एवढा आकार एका माणसाला पूर्ण समजून घेता येतो, म्हणून शिकायला हेच गेम उत्तम.

लेखात हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यांपुढे $ चिन्ह आहे आणि दहा ते पंधरासाठी ए ते एफ अक्षरे. $१० म्हणजे सोळा. कोडचे आणि शोधायचे बाइट मात्र $ शिवाय दिले आहेत.

काय काय लागेल

डीबगर असलेला एम्युलेटर (संगणकावर गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्राम) सर्वांत महत्त्वाचा. विंडोजवर बीजीबी घ्या. लिनक्सवर तो वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनातून) चालतो. मॅकवर किंवा एकच साधन सगळीकडे हवे असेल तर जावावर चालणारा एम्युलिशियस घ्या, त्याचा डीबगर तितकाच सशक्त आहे. शेवटच्या तपासणीसाठी सेमबॉय वेगळा ठेवा, कारण तो खऱ्या यंत्राच्या फार जवळ वागतो.

हेक्स एडिटर म्हणून एचएक्सडी किंवा इमहेक्स. टाइल, म्हणजे चित्रांचे छोटे चौकोनी तुकडे, पाहायला आणि रंगवायला वायवाय-सीएचआर किंवा टाइल मोलेस्टर. कोड लिहायला आरजीबीडीएस हा संच, ज्यात असेंबलर, लिंकर, हेडर दुरुस्त करणारा आरजीबीफिक्स आणि चित्रांचे टाइलमध्ये रूपांतर करणारा आरजीबीजीएफएक्स येतात. लेव्हलसाठी टाइल्ड हा नकाशा एडिटर आणि पायथन. पॅच, म्हणजे फक्त बदल साठवणारी फाइल, बनवायला फ्लिप्स. हे सगळे फुकट मिळते.

रॉम मात्र स्वतःच्या कार्ट्रिजमधून काढा. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हे यंत्र आणि फ्लॅशजीबीएक्स हे सॉफ्टवेअर वापरले की काही मिनिटांत फाइल हातात येते. ती दोनदा काढा आणि दोन्हींचा सीआरसी३२ (फाइलच्या बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळतो का पाहा. जुळला नाही तर कार्ट्रिजचे संपर्क अस्वच्छ आहेत. पुसून पुन्हा काढा. जुळलेली फाइल फक्त-वाचनीय करून बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. पुढचे सगळे काम प्रतीवर.

आधी हेडर वाचा

हेक्स एडिटरमध्ये $०१०० वर जा. $०१०४ पासूनचे ४८ बाइट म्हणजे सुरुवातीला दिसणारा लोगो. तो बदलला तर खरे यंत्र गेम सुरूच करत नाही. $०१३४ पासून गेमचे नाव. $०१४७ वर कार्ट्रिजचा प्रकार: $०१ म्हणजे एमबीसी१ (रॉमचे भाग आलटून पालटून समोर आणणारी चिप), $०३ म्हणजे एमबीसी१ सोबत रॅम आणि बॅटरी. $०१४८ वर आकार: $०० म्हणजे ३२ केबी, आणि पुढे प्रत्येक आकड्याला दुप्पट. $०१४सी वर आवृत्ती. हा बाइट नोंदवून ठेवाच. सुपर मारिओ लँडच्याही दोन आवृत्त्या आहेत. एकीचे पत्ते दुसरीत जसेच्या तसे जुळतील असे समजू नका.

$०१४डी वर हेडरची चेकसम (बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) असते. ती $०१३४ ते $०१४सी एवढ्याच बाइटांवरून काढली जाते आणि चुकली तर खरे यंत्र अडते. $०१४ई-$०१४एफ वरची संपूर्ण रॉमची चेकसम यंत्र तपासत नाही. तरी दोन्ही नीट ठेवा: आरजीबीफिक्सला -व्ही हा पर्याय दिला की लोगोसकट सगळे दुरुस्त होते. जुना आकडा पुसल्याची सूचना तो देतो, ती अपेक्षितच आहे.

बँक आणि पत्ते

प्रोसेसरला रॉमचे एका वेळी ३२ केबीच दिसतात. $०००० ते $३एफएफएफ मध्ये बँक ०, म्हणजे रॉमचा पहिला १६ केबीचा भाग, कायम असते. $४००० ते $७एफएफएफ मध्ये गेम हवी ती बँक आणतो. एमबीसी१ मध्ये $२००० वर बँकेचा क्रमांक लिहिला की ती समोर येते. डीबगरमधला पत्ता आणि फाइलमधली जागा म्हणूनच वेगवेगळी दिसते. हिशोब असा: बँक क्रमांक गुणिले $४०००, त्यात पत्ता उणे $४००० मिळवा. बँक ३ मधला $५ए२० घ्या. $सी००० अधिक $१ए२०, म्हणजे फाइलमध्ये $डीए२०. पॉइंटर (डेटा कुठे आहे ते सांगणारे पत्ते) मात्र फाइलमध्ये उलटे असतात, आधी धाकटा बाइट. $५ए२० शोधायचा असेल तर २० ५ए असे शोधा. पहिल्या आठवड्यात काहीच सापडत नाही याचे कारण बहुधा हे उलटे लिहिणेच असते.

टाइल

एक टाइल ८×८ पिक्सेलची, १६ बाइटांची. प्रत्येक ओळीला दोन बाइट: पहिल्यात रंगाचा धाकटा बिट, दुसऱ्यात थोरला. $३सी आणि $७ई ही जोडी उलगडली तर ० २ ३ ३ ३ ३ २ ० अशी ओळ मिळते. कागदावर एकदा स्वतः उलगडून पाहा, पुढे टाइल एडिटरमध्ये काय दिसते आहे ते लगेच कळेल.

वायवाय-सीएचआरमध्ये रॉम उघडा, स्वरूप २बीपीपी जीबी (पिक्सेलला दोन बिट) निवडा आणि खाली सरकत जा. ओळखीची चित्रे दिसू लागतील. चित्र वर-खाली सरकलेले किंवा चिरलेले दिसले तर सुरुवातीची जागा एकेक बाइटने पुढे-मागे करा. नायकाचे तुकडे विस्कटलेले दिसत असतील तर गेम ८×१६ स्प्राइट (पडद्यावर हलणारी चित्रे) वापरतो आहे. त्यात वरची-खालची टाइल फाइलमध्ये लागोपाठ असते, तेव्हा एडिटरमध्ये तशी उभी मांडणी निवडा. अक्षरे सापडत नसतील तर १बीपीपी करून पाहा, कारण जागा वाचवायला फाँट बऱ्याचदा ८ बाइटांत ठेवतात.

पडद्यावर टाइल दिसते आणि फाइलमध्ये कुठेच नाही, असे झाले तर ग्राफिक्स दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले आहेत. बीजीबीत एफ५ दाबून व्हीरॅम (पडद्याच्या चित्रांची मेमरी) दाखवणारा व्ह्यूअर उघडा, टाइलवर माउस नेऊन तिचा पत्ता घ्या, आणि त्या पत्त्यावर लिहिले गेले की थांबणारा ॲक्सेस ब्रेकपॉइंट लावून गेम पुन्हा सुरू करा. थांबेल तिथेच ती टाइल उलगडणारा कोड असेल.

स्प्राइटमध्ये ० क्रमांकाचा रंग पारदर्शक असतो. नायकाच्या चेहऱ्यावर पांढरे हवे म्हणून ० वापरला तर त्यातून मागचे आभाळ दिसेल. स्प्राइटला तीनच रंग, हे रेखाटतानाच लक्षात घ्या.

एक बाइट, जवळून

आता नायकाच्या लाइफ कमी होऊ द्यायच्या नाहीत, असे धरू. सराव म्हणून याहून चांगले काम नाही.

लाइफ ३ असताना चीट सर्चरमध्ये (एम्युलेटरच्या, रॅममधल्या किमती शोधणाऱ्या भागात) ३ शोधा. एक लाइफ घालवा, उरलेल्या पत्त्यांत २ शोधा. दोन-तीन फेऱ्यांत दोन-चार पत्ते उरतात. एकेक बदलून पाहा: पडद्यावरचा आकडा बदलला आणि लगेच पूर्ववत झाला तर ती नुसती दाखवायची प्रत आहे. बदललेला आकडा टिकला तर तोच खरा. काहीच उरले नाही तर गेम पडद्यावरच्या आकड्यापेक्षा एक कमी ठेवत असेल. मग नेमकी किंमत न देता 'कमी झाली' एवढ्याच अटीवर शोधा. आकडा दहाच्या वर असेल तर आणखी एक शक्यता: गेम तो बीसीडीत ठेवतो, म्हणजे बारा लाइफ रॅममध्ये $१२ अशा असतात, $०सी अशा नाहीत.

समजा पत्ता $सी०ए४ निघाला. डीबगरच्या डीबग मेनूतून त्यावर 'लिहिल्यावर थांब' असा ॲक्सेस ब्रेकपॉइंट लावा आणि नायकाला खड्ड्यात पाडा. गेम थांबेल. थांबलेल्या ओळीवर किंवा तिच्या लगेच वर असे काही दिसेल:

एफए ए४ सी० — एलडी ए, [$सी०ए४]
३डी — डीईसी ए
ईए ए४ सी० — एलडी [$सी०ए४], ए

डावीकडे बँक आणि पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. ३डी हा बाइट लाइफ एकने घटवतो. नवखा माणूस इथे ०० म्हणजे नॉप (काहीच न करणारी सूचना) ठेवतो आणि बहुतेक वेळा फसतो. पुढच्या ओळींत 'शून्य झाले का' अशी तपासणी असते आणि ती झेड फ्लॅग (मागच्या हिशोबाचे उत्तर शून्य आले का याची नोंद) पाहते. तो फ्लॅग डीईसी ए मुळे ठरत होता. नॉप ठेवल्यावर फ्लॅग आधीच्याच कुठल्या तरी हिशोबाचा राहतो, आणि लाइफ तीन असतानाही मधूनच गेम ओव्हर येतो. त्याजागी बी७, म्हणजे ओआर ए, ठेवा. किंमत तशीच राहते, फ्लॅग त्या किमतीवरून नव्याने ठरतो, आणि आकारही एकच बाइट. लाइफ बीसीडीत असतील तर कोड डी६ ०१ २७ असा दिसेल: एक वजा करा, मग डीएए (उत्तर पुन्हा बीसीडीत आणणारी सूचना). तिथे ०१ चे ०० केले की काम झाले.

मॉडिंगमधले बहुतेक छोटे बदल याच वाटेने होतात: रॅममधला पत्ता, तिथे लिहिणारा कोड, कोडमधला एक बाइट, आणि त्या बाइटवर आणखी कोण अवलंबून आहे त्याचा तपास.

उडी

नायकाची उंची शोधताना ध्यानात ठेवा की पडद्यावर वाय वरून खाली वाढतो. उडी मारल्यावर किंमत कमी होते. जमिनीवर 'बदलली नाही', हवेत वर जाताना 'कमी झाली', उतरताना 'वाढली' अशा अटी लावत जा. सापडलेल्यांपैकी एक पत्ता स्प्राइटच्या यादीच्या प्रतीतला असेल. गेम ही यादी रॅममध्ये बनवतो आणि दर फ्रेमला डीएमएने (एकगठ्ठा थेट नक्कल करून) पाठवतो. डीएमए सुरू करणाऱ्या $एफएफ४६ वर लिहिलेला बाइट $सी० असेल तर ती प्रत $सी००० वर आहे. तिथली वायची किंमत पडद्यावरच्यापेक्षा १६ ने जास्त असते. तो पत्ता आपल्या कामाचा नाही. ज्याच्यावरून तो भरला जातो, तो हवा.

खऱ्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावल्यावर दोनपैकी एक रचना सापडते. एकीत फ्रेमागणिक किती पिक्सेल सरकायचे त्याचे कोष्टक असते. चिन्हासह बाइट असतील तर $एफसी म्हणजे उणे चार. दुसरीत सुरुवातीचा वेग असतो आणि दर फ्रेमला त्यात गुरुत्व मिळवले जाते, बहुधा दोन बाइटांत, म्हणजे $०१०० म्हणजे फ्रेमला एक पिक्सेल.

वेग वाढवताना हिशोब करा. उडीची उंची साधारण वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट. वेग फ्रेमला ४ पिक्सेल आणि गुरुत्व पाव पिक्सेल असेल तर उंची सुमारे ३२ पिक्सेल, म्हणजे १६ पिक्सेलचे दोन ठोकळे. वेग ५ केला तर ती ५० वर जाते. नायक तीन ठोकळे चढू लागतो आणि तीन ठोकळ्यांची भिंत घालून अडवलेले सगळे रस्ते मोकळे होतात. उडी बदलायची असेल तर प्रत्येक लेव्हल पुन्हा खेळून पाहावी लागेल, हे आधीच मान्य करा. पडण्याचा कमाल वेगही सांभाळा. फ्रेमला ८ पिक्सेलच्या वर गेला तर नायक एका टाइलच्या पातळ फळीतून आरपार जाऊ शकतो, कारण तपासणी फ्रेमला एकदाच आणि पायाजवळच्या बिंदूवर होते.

लेव्हल

पार्श्वभूमीचा नकाशा ३२×३२ टाइलचा असतो, बहुधा $९८०० पासून. पडद्यावर त्यातल्या २०×१८ च दिसतात. नायक उजवीकडे जातो तसा गेम पडद्याबाहेरच्या स्तंभात नव्या टाइल लिहितो. त्याला तिथेच गाठा: पडद्याच्या उजव्या कडेपलीकडच्या एखाद्या चौकटीवर 'लिहिल्यावर थांब' लावा आणि दोन पावले चाला. थांबल्यावर तो बाइट कुठल्या बफरमधून आला ते पाहा, त्या बफरवर ब्रेकपॉइंट लावा, आणि असे मागे मागे जात रॉममध्ये पोचा. दोन किंवा तीन टप्पे लागतात.

रॉममध्ये सरळ टाइल क्रमांक क्वचितच मिळतात. बहुधा चार टाइलचा एक १६×१६ ठोकळा, ठोकळ्यांचे कोष्टक, आणि लेव्हलमध्ये ठोकळ्यांचे क्रमांक असतात, तेही 'हा ठोकळा इतक्या वेळा' अशा रूपात. उलगडणारा कोड डीबगरमध्ये एफ७ ने एकेक ओळ चालवून वाचा आणि त्याचे नियम कागदावर उतरवा. मग पायथनमध्ये दोन छोट्या स्क्रिप्ट लिहा: एक लेव्हल उलगडून टाइल्डला वाचता येईल असे सीएसव्ही देणारी, दुसरी उलट दिशेने. काहीही न बदलता उलगडून पुन्हा बांधलेली लेव्हल मूळ बाइटांशी तंतोतंत जुळते का, ही पहिली परीक्षा. न जुळल्यास एखादा नियम राहिला आहे. तो सापडेपर्यंत टाइल्ड उघडू नका.

नवी लेव्हल जुन्याएवढी किंवा लहान असेल तर तिथेच बसवा. मोठी झाली तर त्याच बँकेतल्या रिकाम्या जागेत हलवा आणि पॉइंटर बदला. बँकेच्या सीमेपलीकडे डेटा नेऊ नका. वाचणारा कोड $८००० ओलांडून व्हीरॅम वाचू लागेल आणि लेव्हलचा शेवट कचऱ्याने भरेल.

दोन गोष्टी नेहमी चकवतात. पहिली, टणकपणा. बऱ्याच गेममध्ये जमीन कुठली आणि हवा कुठली हे टाइलच्या क्रमांकावरून ठरते, चित्रावरून नाही. ढगाच्या जागी विटांचे चित्र रंगवले तरी नायक त्यातून पडतो. एफई हा बाइट, म्हणजे सीपी, आणि त्यापुढचा आकडा शोधा. ती सीमा तिथेच असते. दुसरी, शत्रूंची यादी. ती वेगळी असते, एक्स, वाय आणि प्रकार अशी, शेवटी बहुधा $एफएफ. गेम ही यादी एक्सच्या चढत्या क्रमाने वाचत पुढे जातो. मधला एखादा शत्रू क्रम मोडून ठेवला तर तो आणि कधीकधी त्यानंतरचे सगळे उगवतच नाहीत. शिवाय एका आडव्या ओळीत दहाच स्प्राइट दिसतात आणि पडद्यावर एकूण चाळीस. दोन स्प्राइट रुंदीचे पाच शत्रू नायकासोबत एकाच उंचीवर आले की कोणीतरी लुप्त होणारच.

नवा कोड घालणे

रिकामी जागा बँकेच्या शेवटी $०० किंवा $एफएफ च्या लांब रांगेत मिळते. ती खरोखर रिकामी आहे याची खात्री करायला तिच्यावर 'वाचल्यावर थांब' लावून एक अख्खी फेरी खेळा. बँक ० मधली जागा सर्वांत मोलाची, कारण ती कायम समोर असते, जपून वापरा.

पद्धत अशी: मूळ कोडमधली तीन बाइटांची सूचना, उदाहरणार्थ ईए ए४ सी०, काढून तिथे सीडी सी० ३एफ, म्हणजे कॉल $३एफसी० ठेवा. $३एफसी० वर आधी ती काढलेली सूचना, मग पुश एएफ (रजिस्टर जपणे), तुमचा कोड, पॉप एएफ (ते परत आणणे) आणि शेवटी रेट (मूळ जागी परतणे). बदललेली रजिस्टर्स (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणी) परत न ठेवल्याने होणारे बिघाड सर्वांत चिवट असतात, कारण ते तिथे दिसत नाहीत, तीन खोल्या पुढे दिसतात.

हा कोड हेक्समध्ये हाताने लिहू नका. आरजीबीएएसएममध्ये प्रत्येक सेक्शनला पक्का पत्ता द्या आणि आरजीबीलिंकला -ओ (मोठा ओ, ओव्हरले) पर्यायात मूळ रॉम द्या. लिंकर मूळ फाइलवर तुमचेच तुकडे बसवून नवी फाइल देतो. धाकटा ओ त्या नव्या फाइलच्या नावासाठी. कोड मजकुराच्या फाइलीत राहतो, गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवता येतो, आणि काल काय बदलले ते आज कळते.

कोड दुसऱ्या बँकेत ठेवायचाच असेल तर बँक ० मधून आधीचा बँक क्रमांक जपा, $२००० वर नवा लिहा, कॉल करा, जुना परत लिहा. बहुतेक गेम चालू बँकेचा क्रमांक रॅममध्येही ठेवतात आणि इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून चालणारा कोड) संपताना त्यावरूनच बँक पूर्ववत करतात. ती नोंद आधी बदलली नाही तर इंटरप्ट मध्येच येऊन जुनी बँक आणतो आणि प्रोसेसर भलताच कोड चालवतो. हे दर वेळी होत नाही. म्हणून 'अधूनमधून अडकते' असे वाटले की पहिल्यांदा इथे बघा.

तपासणी

रॉम बदलल्यावर जुनी सेव्ह स्टेट (एम्युलेटरने साठवलेली खेळाची स्थिती) उघडू नका. तिच्यात जुनी व्हीरॅम आणि जुनी रॅम असते, त्यामुळे नवे चित्र दिसत नाही आणि तुम्ही न केलेली चूक शोधत बसता. नेहमी रीसेट करून बघा.

पडदा रंगवला जात असताना व्हीरॅममध्ये लिहिलेले खरे यंत्र सरळ टाकून देते. मोकळीक व्हीब्लँकमध्ये (पडदा रंगवून झाल्यावरच्या विश्रांतीत) मिळते: दहा ओळींचा वेळ, ११४० मशीन सायकल. त्यातला बराच वेळ मूळ गेमच खातो. तुमच्या जादा कोडमुळे लेखन उशिरा झाले तर सैल एम्युलेटरवर सगळे छान दिसते आणि खऱ्या गेम बॉयवर टाइल गळतात. बीजीबीच्या ऑप्शन्समध्ये एक्सेप्शन्स टॅबवर बंद असलेल्या व्हीरॅमला हात लागताच थांबण्याचा पर्याय आहे, तो कायम चालू ठेवा. नंतर सेमबॉय, आणि शक्य असेल तर फ्लॅश कार्ट्रिजवर खरे यंत्र.

पॅच

रॉमवर कॉपीराइट आहे. बदललेली रॉमही वाटू नका. फ्लिप्समध्ये मूळ आणि बदललेली फाइल देऊन बीपीएस पॅच बनवा. आयपीएस हे जुने स्वरूप चुकीच्या रॉमवरही निमूटपणे लागते आणि मोडका गेम देते. बीपीएसमध्ये मूळ फाइलचा सीआरसी३२ असतो, त्यामुळे भलत्या आवृत्तीवर तो लागतच नाही. पॅच बनवण्याआधी आरजीबीफिक्स चालवा, नंतर नाही. पॅच सोबतच्या मजकूर फाइलीत मूळ गेमचे नाव, $०१४सी वरची आवृत्ती आणि सीआरसी३२ लिहा, आणि तो पॅच एका ताज्या मूळ प्रतीवर लावून पहिली लेव्हल स्वतः खेळून बघा.